घर बघण्याआधी हद्द बघा

पुण्यात नोकरी लागली की राहायचं कुठे, हे बहुतेक वेळा तिघे ठरवतात: नव्या ऑफिसातला एखादा सहकारी, एक एजंट आणि मोबाइलवरचा नकाशा. सहकारी स्वतः राहतो त्या भागाचं नाव सुचवतो. एजंट जिथे फ्लॅट रिकामा आहे त्या सोसायटीची भलामण करतो. नकाशा तर रविवारी दुपारी उघडलेला असतो, त्यामुळे तो ऑफिस बारा मिनिटांवर दाखवून मोकळा होतो. लातूर, अकोला, जळगाव किंवा सोलापूरहून आलेला माणूस या तिघांच्या भरवशावर अकरा महिन्यांचा करार करतो. पुढे मार्चमध्ये टँकर सुरू होतात आणि जूनमध्ये चौक तुंबतो, तेव्हा त्याला वाटतं, आपलंच काही तरी चुकलं.

त्याचं चुकलेलं नसतं. पुण्याच्या उपनगरांत कुठे राहावं हा आता आवडीनिवडीचा प्रश्न उरलेला नाही. घर कोणत्या संस्थेच्या हद्दीत आहे, नळाला पाणी कुठून येतं आणि घर व ऑफिस यांच्यामधली नदी किंवा हायवे नेमका किती ठिकाणी ओलांडता येतो, या तीन गोष्टींवर तिथलं निम्मं आयुष्य ठरतं. क्लबहाउस, पोहण्याचा तलाव आणि सव्विसाव्या मजल्यावरून दिसणारा डोंगर हे सगळं त्यानंतरचं. या तिन्ही गोष्टी सरकारदरबारी नोंदलेल्या आहेत. पण घर शोधणाऱ्याला त्या कुणी सांगत नाही, आणि सांगण्याची सक्तीही कुणावर नाही. माझी तक्रार आहे ती याच गोष्टीबद्दल.

आधी हद्द. 'हिंजवडीत घर' म्हणजे काय, याची किमान चार उत्तरं आहेत. राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीचं. त्याला लागून असलेली हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातली गावं. तिथे ग्रामपंचायत आहे आणि बांधकामाची परवानगी पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, देते. हायवे ओलांडला की वाकड, आणि ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत. मुळा ओलांडली की बालेवाडी-बाणेर, आणि ते पुणे महापालिकेत. जाहिरातीत या सगळ्याला 'हिंजवडीपासून पाच मिनिटांवर' म्हणतात. पण कचरा कोण उचलणार, रस्त्यावरचा दिवा गेला तर फोन कुणाला करायचा आणि पाण्याची लाइन कुणी टाकायची, याची उत्तरं दर दोन किलोमीटरवर बदलतात.

हद्द ओळखायला पत्ता उपयोगी पडत नाही, कारण पत्त्यात सगळीकडे 'पुणे'च असतं. मालकाकडे मिळकतकराची शेवटची पावती मागावी. वरती नाव कुणाचं आहे, पुणे महानगरपालिका, पिंपरी-चिंचवड की ग्रामपंचायत, हे तिथे पाच सेकंदांत कळतं. करार नोंदवतानाही ते उघड होतंच. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. फी ५०० लागली म्हणून खूश होऊ नका, टँकरवाल्याचा नंबर तेवढा मागून घ्या.

यातही सगळ्यात फसवी हद्द म्हणजे नुकतीच बदललेली. पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली: लोहगाव, उंड्री, धायरी, आंबेगाव, फुरसुंगी वगैरे. जून २०२१ मध्ये आणखी २३ आली: वाघोली, म्हाळुंगे, सूस, बावधन बुद्रुक, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी आणि इतर. फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. गाव महापालिकेत आलं म्हणजे महापालिकेचं पाणी आलं, असा नव्या माणसाचा समज होतो आणि एजंट तो मोडत नाही. प्रत्यक्षात या गावांची ग्रामपंचायत २०२१ मध्ये गेली, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार चालला. सरपंच नाही, नगरसेवकही नाही. वाघोलीत राहणाऱ्याने रस्त्यावरच्या गटाराची तक्रार कुणाकडे न्यायची, हा प्रश्न त्या काळात विनोदाचा नव्हता.

आता पाणी. याबाबत लोक घरमालकाला विचारतात, "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही ना?" आणि मालक म्हणतो, "चोवीस तास." तो खोटं बोलत नाही. नळ उघडला की पाणी येतं, कारण वरच्या टाकीत पाणी असतं. त्या टाकीत ते कुठून येतं, हे विचारायचं राहून जातं.

हिशेब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्याचं मानक दर माणशी रोज १३५ लिटर. २०० फ्लॅटच्या सोसायटीत घरटी चार माणसं धरली तर रोज १,०८,००० लिटर लागतात. मोठा टँकर १०,००० लिटरचा असतो. म्हणजे महापालिकेची लाइन नसलेल्या सोसायटीला रोज ११ टँकर हवेत. टँकर हजार रुपयांना धरला तर महिन्याला ३ लाख ३० हजार, म्हणजे फ्लॅटमागे १६५० रुपये. उन्हाळ्यात दर चढतो, फेऱ्या कमी होतात आणि हा आकडा मागे पडतो. लाइन आहे पण निम्मंच पाणी येतं, अशा सोसायटीत खर्च साधारण निम्मा. हे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेले असतात की वेगळे मागतात, हे करारात लिहून घेतलं नाही तर एप्रिलमध्ये मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बघत बसतात.

पिंपरी-चिंचवडमध्ये, म्हणजे वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, थेरगाव इथे, नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आहे. तात्पुरतं म्हणून सुरू झालं आणि अंगवळणी पडलं. एक दिवसाआड पाणी वाईटच असतं असं नाही. सोसायटीची जमिनीखालची टाकी दोन दिवसांचं पाणी धरते का, यावर ते ठरतं. वरच्या २०० फ्लॅटच्या उदाहरणात ती दोन लाख लिटरच्या वर हवी. टाकी एक लाखाची असेल तर पाणी येण्याच्या दिवशी ती तासाभरात भरून वाहते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टँकर बोलवावा लागतो. म्हणून "पाणी रोज येतं का?" याच्या आधी "खालची टाकी किती लिटरची?" हे विचारावं. सोसायटीच्या ऑफिसात ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्या बाकीच्या उत्तरांवरही विसंबू नये.

सगळ्यात खरं बोलतं ते गेटवरचं रजिस्टर. बहुतेक सोसायट्यांत सिक्युरिटीवाला टँकर आत घेताना गाडीचा नंबर, वेळ आणि फेरी लिहून ठेवतो, कारण महिन्याच्या शेवटी बिल त्यावरूनच जुळवायचं असतं. त्यातली एप्रिल-मेची पानं चाळायला मिळाली तर पाहून घ्या. नाही मिळाली तर वॉचमनला सरळ विचारा, "काल किती टँकर आले?" मालकाला विचारलेल्या दहा प्रश्नांपेक्षा हा एक पुरतो. जानेवारीत घर बघणाऱ्याने तर हे विचारलंच पाहिजे, कारण जानेवारीत पुण्यातली प्रत्येक सोसायटी सुजलाम सुफलाम असते.

पाणी किती येतं याबरोबर कसं येतं हेही पाहावं. लोक खिशातून टीडीएस मीटर काढतात, आकडा तीनशे आला की समाधान मानतात. भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचं पाणी स्वीकारार्ह मानतं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. पण टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू त्यात दिसत नाहीत. बोअरच्या जड पाण्याने नळांवर पांढरे थर चढतात, गिझरची कॉइल लवकर जाते आणि केस राठ होतात. ही कटकट आहे, धोका वेगळा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. ही सगळी २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेली गावं. खडकवासला धरण डोळ्यांसमोर, आणि त्याचं शुद्ध केलेलं पाणी मात्र वाहत पुढे शहरात जातं!

म्हणून टँकर किंवा विहिरीच्या पाण्यावरची सोसायटी असेल तर क्लोरीन तपासायला शिका. क्लोरीन तपासण्याचं छोटं किट रसायनांच्या दुकानात मिळतं. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे आणि पिवळा रंग किती येतो ते सोबतच्या पट्टीशी ताडायचं. नळाच्या शेवटच्या टोकाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरलेलं हवं. रंगच आला नाही तर त्या पाण्याला कुणी हात लावलेला नाही असं समजावं, आणि प्यायचं पाणी उकळावं. घरातला आरओ हा त्यावरचा पूर्ण इलाज नाही. दात घासायचं आणि भाजी धुवायचं पाणी आरओतून येत नाही.

तिसरी गोष्ट रस्ता, आणि इथे अंतराचा विचार सोडून द्यावा. हिंजवडीत शिरायचं तर मुंबई-बंगळूर बायपास ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडायच्या जागा मोजक्या: वाकडचा पूल, भूमकर चौकाचा भुयारी मार्ग, पुढे ताथवडे आणि पुनावळ्याचे अरुंद बोगदे. सकाळी पावणेनऊला भूमकर चौकात वाकडकडून येणारे, डांगे चौकाकडून येणारे आणि सेवा रस्त्यावरून घुसणारे एकाच तोंडाशी येतात. पुलाखालून एक बस वळली की मागचे सगळे एक सिग्नल गमावतात. पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचतं, मग दुचाकीवाले कडेच्या कोरड्या पट्ट्यावर येतात आणि कारवाल्यांची एक रांग कमी होते. वाकड 'जवळ' आहे ते नकाशावर. ऑफिस फेज तीनला, माणच्या बाजूला असेल तर बायपास ओलांडल्यावरही पुन्हा सहा-सात किलोमीटरची रांग उरते. नुसतं 'ऑफिस हिंजवडीत आहे' म्हणून घर शोधू नये, फेज आणि गेट विचारून मग शोधावं.

पूर्वेकडे हेच काम नदी करते. खराडीत काम आणि हडपसर, मगरपट्टा, केशवनगर इथे घर, तर मध्ये मुळा-मुठा आहे आणि मुंढव्याचा पूल हा त्या प्रवासाचा निकाल. वाघोलीत घर असेल तर नदी नाही, पण नगर रस्ता एकच आहे. केसनंद फाट्यावर एक ट्रक बंद पडला की मागे पर्यायी रस्ता नाही. चाकणला जाणाऱ्यांचं दुखणं तिसरंच. तिथे ऑफिसची वेळ आणि कारखान्यांतल्या शिफ्टची वेळ एक झाली की नाशिक रस्त्यावर कंटेनर आणि कंपन्यांच्या बसेस शेजारी शेजारी उभ्या राहतात. मोशी-भोसरीत राहून उलट दिशेने जाणं त्यातल्या त्यात बरं.

हद्द आणि रस्ता यांचं भांडण बघायचं असेल तर वाकड आणि बालेवाडीला जोडणाऱ्या मुळेवरच्या पुलाकडे पाहावं. नदीच्या दोन काठांवर दोन महापालिका. पूल उभा राहिला, पण एका काठाकडच्या जोडरस्त्याची जागा ताब्यात यायला वर्षं गेली. तोवर समोरासमोर राहणारी माणसं काही किलोमीटर वळसा घालून एकमेकांकडे जात होती. या पुलाच्या भरवशावर किती फ्लॅट विकले गेले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

घर घेण्याआधी प्रवास करून बघावा, पण योग्य दिवशी. आठवड्यातून काही दिवसच ऑफिसात बोलावणाऱ्या कंपन्या साधारण मंगळवार ते गुरुवार बोलावतात. सोमवार-शुक्रवारचा अनुभव फसवा. मंगळवारी सकाळी ज्या वेळी निघायचं त्याच वेळी त्या सोसायटीच्या गेटवरून निघा आणि संध्याकाळी साडेसहाला परत या. नकाशात 'अमुक वाजता पोहोचायचं' अशी वेळ घातली की तो '३५ ते ७५ मिनिटं' असा पल्ला देतो. त्यातला मोठा आकडा आपला. सरासरी कामाची नाही. पाळणाघर साडेसहाला बंद होतं, सरासरी वेळेला नाही.

कंपनीची बस हा आणखी एक न विचारला जाणारा प्रश्न. घर ठरवण्याआधी एचआरकडून बसचे मार्ग आणि थांबे मागून घ्या. थांबा घरापासून चालत दहा मिनिटांवर असेल तर तीन हजार रुपये जास्त भाडं देऊनही तो भाग परवडतो. रात्रपाळी असेल तर स्त्रियांनी हे लेखी घ्यावं. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय लागते, असं राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. 'दारापर्यंत' म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या चौकापर्यंत नव्हे, हे वाहनाच्या ठेकेदाराला अनेकदा माहीत नसतं. आतल्या कच्च्या रस्त्यावरची नवी सोसायटी निवडताना हे ध्यानात असू द्या.

नवरा हिंजवडीत आणि बायको खराडीत, ही तर आताची ठरलेली पुणेरी जोडी. दोन्हींत पंचवीस किलोमीटरच्या आसपास अंतर. मध्यभागी राहून दोघांनीही अर्धं-अर्धं सोसावं, हा तडजोडीचा नेहमीचा सल्ला मला पटत नाही. ज्याचं ऑफिस रोजचं आणि वेळेचं, त्याच्या बाजूला राहावं आणि दुसऱ्याने मेट्रोला लागून पडेल असं पाहावं. पिंपरी-स्वारगेट आणि वनाज-रामवाडी हे मार्ग चालू आहेत आणि जिल्हा न्यायालय स्थानकात ते एकमेकांना मिळतात. रामवाडीहून खराडी रिक्षाच्या अंतरावर आहे. मात्र भाडं चालू मेट्रोचंच द्यावं, येऊ घातलेल्या मेट्रोचं नको. माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि तेव्हापासून वर्षानुवर्षं त्या पट्ट्यातल्या प्रत्येक जाहिरातीत तो 'लवकरच' राहिला. रामवाडी ते वाघोली या विस्ताराला केंद्राची मंजुरी जून २०२५ मध्ये मिळाली. मंजुरीत बसून कुणी ऑफिसला जात नाही.

पूररेषा आणि रेड झोन या दोन गोष्टी भाडेकरूला कमी आणि विकत घेणाऱ्याला जास्त महत्त्वाच्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या भाडेकरूंना आपण नदीच्या किती जवळ राहतो ते पहिल्यांदा कळलं. तळवडे, रुपीनगर, दिघी या बाजूला संरक्षण खात्याचा रेड झोन, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, आहे. तिथे गुंठेवारीतली, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून बांधलेली, घरं स्वस्त मिळतात, बँका कर्ज देताना हात आखडतात आणि विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळत नाही.

या सगळ्यावरून निघणारा सल्ला एकच: पहिलं वर्ष भाड्याने राहा. तो ऐकला की घरचे म्हणतात, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. जरा आकडे मांडू. महिना २५,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं २,७५,००० अधिक डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ९,१६७ यांवर लागतं, म्हणजे जेमतेम ७१० रुपये. नोंदणी फी १०००. भाग चुकला तर एक-दोन महिन्यांची नोटीस, टेम्पोचं भाडं आणि एजंटची एका महिन्याची दलाली, एवढंच नुकसान. तेच ८० लाखांचा फ्लॅट घेतला तर महापालिका हद्दीत पुरुषाच्या नावावर सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार आणि नोंदणी ३०,०००. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी आणखी ४ लाख. जवळजवळ दहा लाख रुपये, आणि भाग चुकला तर त्यातलं काही परत येत नाही. करारात एक कलम मात्र नीट वाचा: लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीआधी करार मोडता येत नाही ती. तीन महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इन मान्य करू नका. मालक सहा म्हणत असेल तर 'पाणीपुरवठा सलग सात दिवस बंद राहिल्यास लॉक-इन लागू नाही' एवढं तरी लिहून घ्या. करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी, असं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा कलम ५५ मध्ये सांगतो. नोटरी करून भागवू म्हणणाऱ्या मालकाचं घर कितीही हवेशीर असलं तरी सोडून द्यावं.

भाड्याच्या बाजारात एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. 'फॅमिली ओन्ली', 'व्हेज ओन्ली' या पाट्यांमागे आडनाव विचारलं जातं. कुणाला दहा सोसायट्या दाखवतात, कुणाला दोन. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, मालकाने कळवायचं असतं. तरीही समितीची 'मुलाखत' ठिकठिकाणी चालते. एखादा भाग 'चांगला' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो कुणासाठी चांगला आहे, हे विचारायला हवं.

आता यातला सार्वजनिक भाग. नव्या गावांत बांधकामाला परवानगी देताना महापालिका बिल्डरकडून हमीपत्र घेते: महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी देईन. हे पत्र फायलीत जातं. इमारत पूर्ण होते, राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र मिळतं, सोसायटी स्थापन होते आणि बिल्डर पुढच्या प्रकल्पाला लागतो. टँकरचं बिल हळूच सोसायटीच्या खात्यावर येतं. रहिवाशांपैकी फारच थोड्यांना असं काही हमीपत्र आहे हे माहीत असतं. बाणेर-बालेवाडीतल्या पाण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी हेच होतं: पाणी नाही हे ठाऊक असून परवानग्या दिल्या जातात.

मे २०१७ पासून महारेरा आहे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारी राज्याची नियामक संस्था. तिच्या संकेतस्थळावर फ्लॅटचं चटईक्षेत्र, मंजूर नकाशा, खटले, पूर्ण होण्याची तारीख, सगळं दिसतं. भिंतीच्या आतलं एवढं उघड करता येतं, तर भिंतीबाहेरचं का नाही? प्रकल्पाच्या पानावर चार ओळी वाढवाव्यात: हद्द कुणाची, पाण्याचा स्रोत कोणता, पाण्याचं हमीपत्र आहे का आणि त्याची प्रत, पूररेषेपासूनचं अंतर. यातलं काहीही नव्याने गोळा करायचं नाही. पाणीपुरवठा विभाग, जलसंपदा विभाग आणि बांधकाम परवाना विभाग यांच्या कपाटांत ते पडून आहे.

यावर बिल्डरांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. पाणी येईपर्यंत बांधकाम थांबवा म्हटलं तर घरं आणखी महागतील, आणि नोकरीसाठी येणारा माणूस अजून लांब फेकला जाईल. मान्य. बांधकाम थांबवा असं माझं म्हणणं नाही. हमीपत्राला किंमत लावा, एवढंच. वरच्या हिशेबात फ्लॅटमागे महिन्याला १६५० रुपये टँकरचे आले. पाच वर्षांचे ९९,००० होतात. ८० लाखांच्या फ्लॅटच्या किमतीत ते सव्वा टक्का. भोगवटा प्रमाणपत्र देताना एवढी रक्कम बिल्डरने सोसायटीच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवावी आणि महापालिकेची लाइन आली की उरलेली परत न्यावी. मग पाणी लवकर यावं म्हणून महापालिकेच्या दारात रोज जाऊन बसणारा पहिला माणूस बिल्डरच असेल. आज तिथे सोसायटीचा निवृत्त सेक्रेटरी जातो आणि अर्जावर आवक शिक्का घेऊन परत येतो.

कंपन्यांनाही यातून सुटका नको. वाहतुकीची तक्रार घेऊन त्या मंत्रालयापर्यंत जातात, आणि त्यात चूक काही नाही. पण कोणता कर्मचारी कुठल्या पिनकोडवरून येतो, किती वाजता पोहोचतो आणि कुठल्या भागातून येणारे वर्षभरात नोकरी सोडतात, ही माहिती त्यांच्या बायोमेट्रिक यंत्रात रोज जमा होते. नाव काढून ती माहिती दोन्ही महापालिकांना आणि शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलला दिली तर बसचे मार्ग अंदाजाने आखावे लागणार नाहीत. नव्या कर्मचाऱ्याला नेमणूकपत्राबरोबर बसमार्गांचा नकाशा आणि प्रत्येक थांब्यापासूनची मंगळवार सकाळची वेळ देता येईल. एचआरच्या एका माणसाचं दोन दिवसांचं काम आहे हे. आणि ते घर ठरायच्या आधी हातात पडायला हवं, रुजू व्हायच्या दिवशी टी-शर्ट आणि पाण्याच्या बाटलीबरोबर नको.